संज्ञा, शरीर आणि रंगमंच : 'एस/एन' या प्रयोगाचा ऐतिहासिक विचार

१

भाषेच्या अभ्यासकाला 'लिंग' हा शब्द प्रथम भेटतो तो व्याकरणात. झाड नपुंसकलिंगी का, वेल स्त्रीलिंगी का, भिंत स्त्रीलिंगी असता दगड पुल्लिंगी का, या प्रश्नांना 'रूढी' याखेरीज समाधानकारक उत्तर नाही, हे तो लवकरच शिकतो. आणि एकदा ते शिकल्यावर त्याला त्याचे काही वाटेनासे होते. तोच शब्द शरीराला लावला की मात्र आपण रूढीची भाषा सोडून निसर्गाची भाषा बोलू लागतो. शरीराचे लिंग आणि समाजाने त्या शरीराकडून अपेक्षिलेली वागणूक यांत भेद करण्यासाठी मराठीत 'लिंगभाव' हा शब्द गेल्या काही दशकांत रूढ झाला. तरीही, एखाद्या व्यक्तीवर 'पुरुष' किंवा 'स्त्री' ही संज्ञा चिकटते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न त्याने मिटला नाही.

हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका जपानी नाट्यसंचाने ग्रंथातून न विचारता रंगमंचावर विचारला. क्योतो येथील 'डम्ब टाइप' या संचाचा 'एस/एन' हा प्रयोग १९९४ साली ऑस्ट्रेलियातील अॅडिलेड महोत्सवात प्रथम सादर झाला. त्याचे प्रमुख कल्पक तेइजी फुरुहाशी हे होत. नृत्य, चलच्चित्र, प्रक्षेपित मजकूर, ध्वनी आणि प्रकट संभाषण यांच्या संयोगातून उभा राहिलेला हा बहुमाध्यमी प्रयोग आज समकालीन रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाचा गणला जातो. त्याच्या यांत्रिक नावीन्याविषयी पुष्कळ बोलले जाते. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र वेगळा आहे. जपानी रंगभूमीवर लिंगभाव हा शतकानुशतके 'भूमिके'चा विषय होता, तो या प्रयोगाने 'संज्ञे'चा विषय केला. आणि हे स्थित्यंतर इतिहासाच्या अभ्यासकाइतकेच भाषेच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावे लागते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

ज्या क्योतो नगरीत फुरुहाशी १९६० साली जन्मले, त्याच नगरीत १६०३ च्या सुमारास इझुमो नो ओकुनी या नर्तकीने काबुकीचा पाया घातला असे मानले जाते. ओकुनी पुरुषवेष धारण करून, कमरेला तलवार लावून नाचत असे. म्हणजे जी काबुकी पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांसाठी जगप्रसिद्ध झाली, तिचा आरंभ पुरुषवेषधारी स्त्रीपासून झाला. १६२९ साली शोगुनशाहीने स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली. १६५२ साली कोवळ्या तरुणांच्या काबुकीवरही बंदी आली. आणि त्यानंतर प्रौढ पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची 'ओन्नागाता' परंपरा स्थिर झाली. बंदीमागील चिंता मुख्यतः रंगमंचाभोवती चालणाऱ्या देहविक्रयाची व तीतून उद्भवणाऱ्या तंट्यांची होती. परंतु राजाज्ञेने जे रिकामे केले, ते कलेने भरून काढले.

ओन्नागाता परंपरेतील थोर नट योशिझावा आयामे (१६७३–१७२९) यांच्या नावावर असलेल्या उपदेशसंग्रहात, स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाने नित्याच्या जीवनातही स्त्रीप्रमाणेच राहावे असा विचार मांडलेला आहे. आपल्याकडे संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटांच्या वेषभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत असत, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. जपानातही नगरातील स्त्रियांनी ओन्नागातांच्या वेषभूषेचा कित्ता गिरवला. नक्कल करणारा हाच नमुना ठरावा, ही दोन्ही ठिकाणी घडलेली गोष्ट केवळ गमतीची नव्हे; स्त्रीत्व ही शिकता येणारी, शिकवता येणारी गोष्ट आहे, याची ती नकळत दिलेली कबुलीच होय.

पुढे १९१४ मध्ये ताकाराझुका येथील सर्व-स्त्री संचाचा पहिला प्रयोग झाला आणि पुरुषभूमिका करणाऱ्या स्त्रीनटांची एक नवी परंपरा सुरू झाली. १९५९ साली तात्सुमी हिजिकाता यांनी 'किन्जिकी' या छोट्या नृत्यातून पुरुषांमधील आकर्षण उघडपणे मंचावर आणले; 'बुतो' या नृत्यप्रकाराचा आरंभ तेथून मानतात. १९७७ साली काझुओ ओनो यांनी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तारुण्यात पाहिलेल्या 'ला आर्हेंतिना' या स्पॅनिश नर्तकीच्या स्मरणार्थ स्त्रीवेषात केलेले नृत्य तर जागतिक ख्यातीस चढले.

ही परंपरा इतकी समृद्ध असता फुरुहाशी यांच्या प्रयोगात नवीन ते काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. उत्तर असे की, या साऱ्या प्रकारांत वेष बदलणारा हा नट होता, आणि तो नट आहे ही गोष्ट प्रेक्षक व नट या दोघांनाही मान्य होती. पडदा पडला की भूमिका संपत असे. रंगमंचावरील स्वातंत्र्य हे रंगमंचाच्या चौकटीपुरते होते. ही चौकटच 'एस/एन'ने काढून टाकली.

३

'डम्ब टाइप'ची स्थापना १९८४ साली क्योतो नगर कला विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केली. चित्रकार, वास्तुरचनाकार, संगीतकार, नर्तक, यंत्रज्ञ अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील तरुण त्यात एकत्र आले. शिरो ताकातानी व संगीतकार तोरू यामानाका हे फुरुहाशी यांचे प्रमुख सहकारी. संचात एकच सर्वाधिकारी दिग्दर्शक असावा ही पद्धत त्यांनी नाकारली. संचाच्या नावातील पहिला शब्द मुकेपणाचा वाचक आहे. संवादप्रधान नाटकावरचा अविश्वास त्यात आहेच. शिवाय माहितीच्या पुरात बुडूनही काहीच न उमगलेल्या माणसाचा मुकेपणाही त्यात सूचित आहे.

१९९० च्या 'पीएच' या प्रयोगात प्रेक्षक दोन्ही बाजूंना उंचावर बसत आणि खालील लांबट पांढऱ्या भूमीकडे पाहत. त्या भूमीवरून दिव्यांनी युक्त असा एक यांत्रिक दांडा, छायाप्रत काढणाऱ्या यंत्रातील प्रकाशपट्टीप्रमाणे, सतत पुढेमागे सरकत असे. नर्तकांना त्याच्याखालून वाकून किंवा वरून उडी मारून स्वतःला वाचवावे लागे. माणसाची नोंद घेणारे यंत्र आणि त्या नोंदीतून निसटू पाहणारे शरीर, हे 'एस/एन'चे मूळ सूत्र येथे आधीच दिसते.

याच काळात फुरुहाशी यांच्या व्यक्तित्वाचा दुसरा पैलूही आकार घेत होता. न्यूयॉर्कमधील रात्रीच्या क्लबांतून स्त्रीवेषात रंगणाऱ्या प्रयोगांशी त्यांचा निकटचा परिचय झाला होता. १९८९ पासून कान्साई प्रदेशात अशाच मेळाव्यांची परंपरा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि तेथे ते 'मिस ग्लोरियास' या नावाने वावरत. येथील स्त्रीवेष ओन्नागातासारखा संयत नव्हता. तो मुद्दाम भडक, मुद्दाम अतिशयोक्त होता. 'स्त्री' या संज्ञेखाली काय काय गोळा करून ठेवले आहे याची ती एक सार्वजनिक झडतीच होती.

१९९२ साली फुरुहाशी यांनी मित्रांना पत्र लिहून आपणांस एचआयव्हीची बाधा झाल्याचे कळविले. या पत्राचे धैर्य समजण्यासाठी तत्कालीन जपानी परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १९८५ साली देशातील पहिला एड्सरुग्ण म्हणून ज्याची अधिकृत नोंद झाली, तो अमेरिकेत राहणारा एक समलिंगी पुरुष होता. प्रत्यक्षात त्या दशकातील बाधितांत मोठा भाग होता तो हिमोफिलियाच्या रुग्णांचा, ज्यांना आयात केलेल्या दूषित रक्तघटकांतून बाधा झाली होती. म्हणजे शासकीय संज्ञेने रोगाला एक चेहरा दिला आणि दुसरा चेहरा झाकला. १९८९ मध्ये अमलात आलेल्या एड्सप्रतिबंधक कायद्यावर रुग्णांकडे संशयाने पाहणारा कायदा म्हणून टीका झाली. तो पुढे १९९९ मध्ये नव्या संसर्गरोगविषयक कायद्यात विलीन झाला. दूषित रक्तघटकांच्या प्रकरणी आरोग्यमंत्र्यांनी जाहीर क्षमायाचना केली ती १९९६ साली. मधल्या काळात बोलणे म्हणजे कलंक ओढवून घेणे, आणि न बोलणे म्हणजे रोगाला वाट करून देणे, अशी कोंडी होती. ऑगस्ट १९९४ मध्ये योकोहामा येथे दहावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, त्याच वर्षी 'एस/एन' रंगमंचावर आले, हा काळसंदर्भ लक्षणीय आहे.

४

'एस/एन' हे नाव दूरसंचारशास्त्रातून आले आहे. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दर्शविण्यासाठी ही अक्षरे वापरतात. गुणोत्तर जितके मोठे, तितका निरोप स्पष्ट. परंतु कोणता ध्वनी हा संकेत आणि कोणता हा गोंगाट, हे कोणी ठरवावयाचे? यंत्रापुरते हे अभियंता ठरवितो. समाजात ते ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याचे बोलणे संकेत ठरते आणि इतरांचे जगणे गोंगाट. हा प्रयोगाचा गाभा होय.

रंगमंचाच्या मागील अंगास एक लांब व उंच भिंत उभी केलेली आहे. तीच पडदा होते. तिच्यावर चित्रे व शब्द उमटतात. तिच्या माथ्यावरील अरुंद पट्टीवरून नर्तक चालतात, धावतात आणि एकाएकी पाठीमागे कोसळून दिसेनासे होतात. गोंगाटाची तीव्रता व प्रकाशाची लखलख प्रेक्षकाच्या सहनशक्तीच्या सीमेपर्यंत नेली जाते. आणि याच्या उलट टोकाला, अगदी साध्या, संथ गतीच्या संभाषणाचे प्रवेश आहेत.

त्यांपैकी एका प्रवेशात नीटनेटका कोट घातलेले पुरुष प्रेक्षकांसमोर येतात. त्यांच्या कोटांवर चिठ्ठ्या चिकटविलेल्या आहेत. फुरुहाशी यांच्या अंगावरील चिठ्ठ्या त्यांचे पुरुष असणे, जपानी असणे, समलिंगी असणे आणि एचआयव्हीबाधित असणे जाहीर करतात. त्यांच्या सोबत्यांत एक कर्णबधिर जपानी कलावंत आहे आणि एक कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. त्यांच्याही अंगावर त्यांच्या त्यांच्या संज्ञा आहेत. साहजिकच प्रेक्षक त्यांस पात्रे समजतो. तेव्हा खुलासा केला जातो की आपण नट नाही, आणि या चिठ्ठ्या खोट्या नाहीत.

तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या ओन्नागाता परंपरेपासून झालेली फारकत या एका खुलाशात सामावली आहे. ओन्नागाता म्हणतो, 'मी पुरुष असून स्त्री दिसतो, ही माझी कला.' फुरुहाशी म्हणतात ते असे : 'या चिठ्ठीवर लिहिले आहे तो मी आहे, आणि तरीही ही चिठ्ठी म्हणजे मी नव्हे.' चिठ्ठी खरी असून अपुरी आहे. ती खोटी असती तर काढून फेकता आली असती. खऱ्या संज्ञेचा जाच हा खोट्या संज्ञेच्या जाचाहून अधिक सूक्ष्म असतो. पुढे फुरुहाशी रंगमंचावर सर्वांदेखत रंगभूषा करून स्त्रीवेष धारण करतात. येथे प्रेक्षकापासून काहीच लपविलेले नाही. चमत्कार दाखविण्याऐवजी चमत्काराची कृती दाखविली जाते, आणि 'पुरुष' ही चिठ्ठी फाडल्यावाचूनच अर्थहीन होते.

बुबु द ला माद्लेन या कलावंत स्त्रीचा या प्रयोगातील वाटाही असाच निर्भय आहे. देहविक्रयाच्या व्यवसायातील स्वतःच्या अनुभवाविषयी ती रंगमंचावर मोकळेपणी बोलते. अखेरच्या दृश्यात ती विवस्त्र अवस्थेत मंचावरून संथपणे सरकत जाते आणि तिच्या योनीतून नाना राष्ट्रांच्या ध्वजांची एक लांबच लांब माळ उलगडत बाहेर येते. पार्श्वभूमीस 'अमापोला' या जुन्या लोकप्रिय गीताची सुरावट असते. हे दृश्य अनेकांना धक्कादायक वाटले असेल. परंतु धक्का देणे हा त्याचा हेतू नव्हे. सर्व राष्ट्रे ज्या द्वारातून जन्मास आली, त्याच द्वारावर सर्व राष्ट्रांनी आपापले कायदे, लज्जा व दंड लादले आहेत, ही गोष्ट एकही शब्द न उच्चारता येथे सांगितली जाते.

५

प्रयोगातील एका भागात भिंतीवर काही इच्छावाक्ये उमटतात. लिंग, राष्ट्रीयत्व, वंश, रक्त अशा, माणसाला चिकटलेल्या एकेका गोष्टीचे नाव घेऊन ती नाहीशी व्हावी असे स्वप्न बोलणारा पाहतो, असा त्यांचा आशय आहे. ही वाक्ये इंग्रजीत आहेत. ती मराठीत आणू पाहणाऱ्यास तत्काळ एक अडचण जाणवते, आणि ती अडचण या लेखाच्या दृष्टीने मोलाची आहे.

'मी स्वप्न पाहतो' म्हणावे की 'मी स्वप्न पाहते'? आपले लिंग नाहीसे व्हावे असे म्हणणाऱ्या वाक्याच्या क्रियापदातच बोलणाऱ्याचे लिंग येऊन बसते. वाक्याचा अर्थ चिठ्ठी काढू पाहतो आणि वाक्याचे व्याकरण ती पुन्हा चिकटविते. इंग्रजीत ही अडचण नाही. जपानीतही नाही : तेथे क्रियापदास ना लिंग ना वचन; आणि सर्वनाम गाळले तरी वाक्य पूर्ण होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, ज्या भाषेच्या व्याकरणात लिंग नाही तो समाज अधिक मोकळा असेल. इतिहास या निष्कर्षास दुजोरा देत नाही. जपानी व्याकरणाने जी जागा मोकळी ठेवली ती जपानी समाजाने अन्य मार्गांनी भरली. पुरुषाने स्वतःस 'बोकु' किंवा 'ओरे' म्हणावे, स्त्रीने 'वाताशी' वा 'आताशी' म्हणावे, वाक्याच्या शेवटी कोणते अव्यय कोणी लावावे, याचे संकेत निर्माण झाले. मुरोमाची काळातील राजवाड्यातील स्त्रियांच्या शब्दांपासून ही परंपरा दाखविता येते. मेइजी काळात शाळकरी मुलींच्या बोलण्यातील काही लकबींवर ग्राम्य म्हणून टीका झाली आणि त्याच लकबी पुढे आदर्श 'स्त्रीभाषे'ची लक्षणे म्हणून शिकविल्या गेल्या, हे तर संज्ञेच्या कृत्रिमतेचे उत्तम उदाहरण होय. शिवाय कुटुंबनोंदणीच्या 'कोसेकी' पद्धतीने प्रत्येक व्यक्तीचे लिंग शासनदप्तरी पक्के केलेले असते. ही नोंद बदलण्याची मुभा देणारा कायदा २००३ मध्ये संमत झाला. परंतु त्यासाठी प्रजननक्षमता नष्ट झालेली असण्याची अट होती, आणि ती घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. एक अक्षर बदलण्यासाठी शरीराकडून इतकी किंमत मागणारी चिठ्ठी ही कोटावरील चिठ्ठीहून निश्चितच अधिक चिवट आहे.

उलटपक्षी, मराठीचे व्याकरण वरवर दिसते तितके कडक नाही. 'मी स्वप्न पाहिले' या भूतकाळातील सकर्मक वाक्यात क्रियापद स्वप्नाच्या लिंगाने चालते, बोलणाऱ्याच्या नव्हे. 'मला स्वप्न पडते' या रचनेत अनुभवणाऱ्याचे लिंग लोपते. 'मी पाहत आहे' यातही ते नाही. आणि भविष्यकाळात, 'मी पाहीन', 'मी होईन' असे म्हणताना, मराठी बोलणारा ना पुरुष असतो ना स्त्री. कोल्हापूरकडील बोलीत तर स्त्रियाही 'मी जातो', 'मी आलो' असे सहज बोलतात आणि त्यात त्यांस पुरुषत्वाचा भास होत नाही. तात्पर्य, संज्ञेतून सुटण्याच्या फटी प्रत्येक भाषेत असतात. त्या कोठे आहेत हे भाषेच्या अभ्यासकाने दाखवावे, आणि त्यांतून कोण कसे निसटले हे इतिहासकाराने.

६

'एस/एन' आणि तेच वर्ष यांनी फुरुहाशी यांची आणखी एक कृती दिली. 'लव्हर्स' या नावाच्या या मांडणीत प्रेक्षक एका काळोख्या चौकोनी दालनात प्रवेश करतो. दालनाच्या मध्यावरील स्तंभात बसविलेल्या प्रक्षेपकांतून चारी भिंतींवर विवस्त्र स्त्रीपुरुषांच्या आकृती उमटतात. त्या चालतात, धावतात, एकमेकींवरून जातात, मिठीत घेण्याचा आविर्भाव करतात. पण त्यांच्या मिठीत कोणी येत नाही, कारण प्रत्येक प्रतिमा स्वतंत्रपणे टाकलेल्या प्रकाशाची आहे. त्यांत एक आकृती स्वतः फुरुहाशी यांची आहे. प्रेक्षकाची चाहूल लागताच ती थांबते, हात पसरते आणि मागे अंधारात कोसळते. येथे अंगावर ना कोट आहे, ना चिठ्ठी. तरीही स्पर्श घडत नाही. संज्ञा काढून टाकल्या की माणसे एकमेकांस भेटतीलच, असा भाबडा आशावाद फुरुहाशी यांनी बाळगला नव्हता, हे यावरून दिसते.

२९ ऑक्टोबर १९९५ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, फुरुहाशी यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी 'एस/एन'चे प्रयोग १९९६ पर्यंत चालू ठेवले. १९९७ च्या 'ओआर' या प्रयोगात जीवन आणि मृत्यू यांमधील सीमारेषा हाच विषय त्यांनी घेतला, तो अर्थात योगायोग नव्हता. ताकातानी यांच्या पुढाकाराने संच पुढे कार्यरत राहिला आणि २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात जपानी दालनाची मांडणी त्याच्याकडेच होती.

'लव्हर्स' न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने संग्रहात घेतली. परंतु ज्या लेझर तबकड्या आणि प्रक्षेपक यांवर ती उभी होती ते तंत्रच काही वर्षांत कालबाह्य झाले. २०१६ मध्ये ती नव्या उपकरणांवर पुन्हा उभी करावी लागली. या घटनेत इतिहासाच्या अभ्यासकास एक सूचना आहे. यंत्र जुने झाले म्हणून कृती आपोआप टिकत नाही, आणि आपोआप नष्टही होत नाही. ती काय सांगत होती हे ज्यांना समजले, त्यांनी ती पुन्हा उभी करावी लागते.

येथे शेवटी आपल्या स्वतःच्या व्यवसायाचा विचार प्राप्त होतो. कलेचा इतिहास लिहिताना आपणही सूचिपत्रात एकेका नावापुढे संज्ञा लावतो : जपानी, समलिंगी, एड्सने मृत, बहुमाध्यमी. फुरुहाशी यांच्यापुढे यांतील एकही संज्ञा असत्य नाही. त्यांनी स्वतःच त्या अंगावर लावून दाखविल्या होत्या. परंतु त्यांनी त्या लावल्या त्या वाचणाऱ्याने तेथे थांबावे म्हणून नव्हे. वर्गीकरणावाचून शास्त्र नाही, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. परंतु वर्गीकरण करणाऱ्याने आपण संकेत नोंदवीत आहोत आणि बाकीचा गोंगाट म्हणून गाळीत आहोत, याचे भान ठेवावे. गाळलेल्या भागात पुष्कळदा एक माणूस असतो. तो आपली चाहूल लागताच थांबतो, हात पसरतो, आणि आपण त्याची नोंद करून पुढे जाईपर्यंत अंधारात नाहीसा झालेला असतो.